तहान, घाम आणि पाठीवरचं ओझं

डोंगरात चार-पाच दिवस चालायचं ठरलं, की पहिला वाद पाण्यावरून होतो. किती बाटल्या घ्यायच्या? एक लीटर पाण्याचं वजन एक किलो. दिवसाला चार लीटर पाणी लागणार असेल, तर सकाळी निघतानाच पाठीवर चार किलो जास्तीचे चढतात. ते ओझं वाहताना घाम जास्त येणार आणि घाम जास्त आला की पाणीही जास्त लागणार. बरं, कमी पाणी घेऊन निघावं, तर पुढचा झरा आटलेला असायची भीती. उन्हाळ्यात जंगलातल्या डोंगरवाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाला हे कोडं सोडवावं लागतं.

प्रश्न साधा वाटतो : गरम हवेत, ओझं घेऊन चालणाऱ्या माणसानं किती पाणी प्यावं? पण त्याचं धड उत्तर मिळायला दोनशेहून अधिक वर्षं लागली. मधल्या काळात जाणकार म्हणवणाऱ्यांनी दोनदा चुकीचं उत्तर दिलं. आधी ते म्हणाले, ‘तहान मारायला शिका.’ नंतर म्हणाले, ‘पोटात मावेल तेवढं प्या.’ दोन्ही सल्ल्यांपायी धडधाकट माणसांचे जीव गेले. विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरात जाणाऱ्या शिक्षकांनी हा इतिहास जरूर माहीत करून घ्यावा. त्यासाठी आपण आधी एका खऱ्या वाटेवर जाऊ.

एक लांबच लांब वाट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अ‍ॅपलाचियन नावाची डोंगररांग आहे. हे डोंगर फार जुने. झिजून झिजून त्यांचे माथे गोलसर झालेले आणि बहुतेक ठिकाणी वरपर्यंत जंगलानं झाकलेले. इथला उन्हाळा, विशेषतः दक्षिणेकडच्या आणि मधल्या भागातला, आपल्या कोकणासारखा दमट असतो.

१९२१ साली बेंटन मॅकाय या वनशास्त्र शिकलेल्या माणसानं वास्तुविशारदांच्या एका मासिकात लेख लिहून एक कल्पना मांडली. या डोंगरांच्या माथ्यावरून एक सलग पायवाट असावी, वाटेत सोयीच्या अंतरावर निवारे असावेत आणि शहरात राबणाऱ्या माणसांना तिथं मोकळा श्वास घेता यावा. ही वाट मुख्यतः गावोगावच्या हौशी मंडळींनी सुटीच्या दिवशी कुऱ्हाडी-कोयते घेऊन जाऊन काढली. पहिला टप्पा १९२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात खुला झाला. मायरन अ‍ॅव्हरी नावाच्या एका वकिलानं पुढे या कामाची सूत्रं हाती घेतली. अंतर मोजायचं चाक ढकलत तो स्वतः ही वाट चालला. १४ ऑगस्ट १९३७ रोजी शेवटचा तुकडा जोडला गेला. आज ही वाट १४ राज्यांमधून जाते आणि तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर भरते.

माणसं दोन-चार दिवसांसाठी यावीत आणि आपला तुकडा चालून परत जावीत, अशा हिशेबानं ही वाट आखली होती. पण दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर १९४८ मध्ये ती १२४ दिवसांत सलग चालला. तोवर असं काही करता येईल यावर वाट आखणाऱ्यांचाही फारसा विश्वास नव्हता.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं या वाटेचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला गुण सावलीचा. झाडी इतकी दाट, की चालणारे या वाटेला ‘हिरवा बोगदा’ म्हणतात. दुसरा गुण म्हणजे ती बरीचशी डोंगराच्या धारेवरून जाते. धारेवर पाणी नसतं. पावसाचं पाणी मुरून झरे फुटतात ते धारेच्या खाली. म्हणून बरेचसे निवारे एखाद्या झऱ्याच्या आसपास बांधलेले आहेत आणि पाणी कुठं मिळेल याच्या नोंदी वाटेच्या माहितीपुस्तकांत असतात. उन्हाळा सरत आला की त्यातले काही झरे आटतात.

एमाबाईंची पिशवी

३ मे १९५५ रोजी ६७ वर्षांच्या एमा गेटवुड या बाई दक्षिणेकडच्या टोकावरून या वाटेला लागल्या. अकरा मुलांची आई, नातवंडं तेवीस. आदल्या वर्षी त्यांनी उत्तरेकडून सुरुवात केली होती, पण त्या रस्ता चुकल्या, चष्मा फुटला आणि परतावं लागलं. या वेळी त्या १४६ दिवस चालल्या आणि २५ सप्टेंबरला उत्तर टोकाच्या कटाडिन शिखरावर पोचल्या. ही संपूर्ण वाट एका हंगामात एकटीनं चालणारी पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे.

त्यांच्याकडे तंबू नव्हता, झोपायची खास पिशवी नव्हती, गिर्यारोहणाचे बूटही नव्हते. पायात कापडी बूट. खांद्यावर जाड कापडाची, घरी शिवलेली एक पिशवी. तिच्यात पावसासाठी न्हाणीघरात लावतात तसला प्लॅस्टिकचा पडदा, एक पांघरूण, आणि खायला मनुका, शेंगदाणे, डब्यातलं मांस आणि सुपाच्या खारट वड्या. सगळं मिळून ओझं ९ किलोच्या वर क्वचितच जाई.

त्या काळच्या जाणत्या गिर्यारोहकांना हा सगळा वेडेपणा वाटला असेल. तो किती शहाणपणाचा होता, हे समजायला थोडं गणित करावं लागेल.

घामाचा हिशेब

आपल्या स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ७० किलो वजनाचा माणूस पाठीवर १५ किलो घेऊन चढण चढत असेल, तर ढोबळमानानं तासाला ३५० किलोकॅलरी उष्णता त्याच्या शरीरात तयार होते.

ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे ०.८३ धरू. मग ७० किलोचं शरीर एका अंशानं तापायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. तासाला ३५० म्हणजे सहा अंश! ३७ अंशांवर असलेलं शरीर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत ४१ अंशांवर जाईल आणि तिथं मेंदूचं काम बिघडू लागेल. ऊन नसतानाही हे होईल. सूर्य ही उष्णता देत नाही, आपण स्वतःच ती तयार करतो.

हवा थंड असली तर त्वचेवरून बरीचशी उष्णता तशीच निघून जाते. पण हवेचं तापमान त्वचेइतकं, म्हणजे ३४-३५ अंश झालं की हा रस्ता बंद होतो. मग उरतो घाम. एक लीटर घाम त्वचेवरून वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ३५० किलोकॅलरी घालवायच्या तर तासाला ६०० मिलिलीटर घाम वाळायला हवा. सहा तास चाललो तर साडेतीन लीटरच्या वर.

इथं ‘वाळायला हवा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कपाळावरून ओघळून मातीत पडलेला घाम काहीच थंड करत नाही. हवा दमट असेल, वारा पडलेला असेल, तर निम्मा घाम असा फुकट जातो आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. दाट जंगलात नेमकं हेच होतं. झाडं ऊन अडवतात, पण वाराही अडवतात, आणि पानांमधून बाहेर पडणारी वाफ हवा ओलसर ठेवते. सावलीत चालत असूनही माणूस चिंब भिजतो, त्याचं कारण हे.

आता एमाबाईंच्या पिशवीकडे पुन्हा पाहू. ओझं कमी म्हणजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हणजे घाम कमी, घाम कमी म्हणजे वाहायचं पाणी कमी. पाय तर दर पावलाला उचलावा आणि पुढे न्यावा लागतो, म्हणून पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. कापडी बूट पुन्हा पुन्हा बदलावे लागले, तरी त्यांनी बाईंचे श्रम वाचवले. आणि घामातून जाणारं मीठ सुपाच्या वड्यांतून परत मिळत होतं.

हे सगळं शास्त्रज्ञांना कसं कळत गेलं? त्यासाठी आपल्याला जंगलातून निघून आधी लंडनमधल्या एका खोलीत जावं लागेल.

तापलेली खोली आणि खोल खाण

१७७४ साली जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरानं काही मित्रांना एका तापवलेल्या खोलीत बोलावलं. चार्ल्स ब्लॅगडेन हा डॉक्टर त्यांत होता आणि कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास करून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सही होता. पुढच्या प्रयोगांत त्या कोरड्या खोलीचं तापमान १२७ अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं होतं. तिथं ठेवलेली अंडी शिजली, मांस शिजलं, पण ब्लॅगडेन काही मिनिटं त्याच हवेत उभा राहून सुखरूप बाहेर आला. त्याच्या शरीराचं तापमान जवळपास नेहमीइतकंच होतं.

ब्लॅगडेननं पाण्याचं भांडंही खोलीत ठेवून पाहिलं. इतक्या उष्णतेतही पाणी उकळेना. मग त्यावर थोडं तेल सोडलं. तेलाचा पातळ थर पसरला, वाफ होणं थांबलं, आणि पाणी उकळू लागलं! उघडं पाणी वाफ होऊन स्वतःला थंड ठेवत होतं. आपल्या माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणानं. घाम हेच काम करतो हे ब्लॅगडेनच्या ध्यानात आलं. १७७५ मध्ये त्यानं हे प्रयोग प्रसिद्ध केले.

पण दमट हवेत हा माठ किती चालतो? हे मोजलं जॉन स्कॉट हाल्डेन यांनी. (पुढे भारताचं नागरिकत्व घेतलेले जे. बी. एस. हाल्डेन यांचे हे वडील.) इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणी खोल होत्या, गरम होत्या आणि ओल्याही. खाणीत आणि प्रयोगशाळेत स्वतःवर मोजमापं घेऊन हाल्डेन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिलं, की साध्या तापमापकाचा आकडा फसवा असतो. फुग्याभोवती ओली चिंधी गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा महत्त्वाचा. हवा कोरडी असेल तर चिंधीतलं पाणी भराभर वाळतं आणि हा तापमापक बराच खाली उतरतो. दमट हवेत तो फारसा उतरत नाही. म्हणजे ती चिंधी जणू घामेजलेली त्वचाच. वारा नसलेल्या हवेत हा आकडा ३१ अंशांच्या वर गेला, तर नुसत्या बसून राहिलेल्या माणसाचंही तापमान वाढू लागतं, असं त्यांना आढळलं. काम करणाऱ्यासाठी मर्यादा याहून बरीच खाली येते.

२०१० मध्ये काही संशोधकांनी गणितानं ही मर्यादा ३५ अंश ठरवली होती आणि तो आकडा सगळीकडे सांगितला जाऊ लागला. पण २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. हलक्या हालचाली करणाऱ्या या माणसांची मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या जवळपास निघाली.

खाणींनी आणखी एक गोष्ट शिकवली. भरपूर घाम गाळून नुसतं पाणी पिणाऱ्या खाणकामगारांच्या पोटऱ्यांत आणि पोटात जबरदस्त पेटके येत. १९२३ मध्ये नेव्हिल मॉस यांनी त्याचा संबंध घामातून जाणाऱ्या मिठाशी जोडला. पाण्यात थोडं मीठ घालून दिलं की पेटके कमी होत.

पहिली चूक : तहान मारा

म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात घाम, दमटपणा आणि मीठ यांचं ज्ञान झालेलं होतं. तरीही पाठीवर ओझं घेऊन कूच करणाऱ्या सैनिकांना मात्र वेगळंच शिकवलं जाई. चालताना पाणी पिणं हा बेशिस्तपणा समजला जाई. व्यायामानं दंड कमावतात तशी कमी पाण्याचीही सवय लावता येते, अशी समजूत होती. खेळाडूंनाही शर्यतीत पाणी पिऊ नका असं सांगत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात उतरणार होतं. त्या तयारीत रॉचेस्टर विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि त्यांचे सहकारी १९४२ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर मोजमापं घेऊ लागले. पद्धत अगदी सोपी. चालायच्या आधी वजन, चालून आल्यावर वजन, मध्ये किती प्यायलं आणि किती लघवी झाली याची नोंद. वजनातली घट म्हणजे मुख्यतः गेलेला घाम.

१९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, पाणी कमी दिलं म्हणून घाम कमी होत नाही. उष्णता तितकीच असेल तर शरीर जवळपास तितकाच घाम काढतं, मग पाणी मिळो वा न मिळो. दोन, कमी पाण्याची सवय लागत नाही. पाणी न पिणारा फक्त लवकर थकतो आणि लवकर तापतो. बाटलीत राखून ठेवलेल्या पाण्याचा चक्कर येऊन पडलेल्याला काय उपयोग? पाणी वाचवायचं असेल तर घाम वाचवावा : उन्हाच्या वेळी थांबावं, सावली धरावी, पहाटे आणि संध्याकाळी चालावं.

तिसरी गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी होती. हवं तेवढं पाणी हाताशी असूनही चालणारी माणसं घामाइतकं पाणी पीतच नसत. तूट राहायची, आणि ती रात्रीच्या जेवणाबरोबर भरून निघायची. जेवणात मीठ असतं, आणि मीठ पोटात गेल्यावर शरीर पाणी धरून ठेवू शकतं. म्हणजे तहान आळशी नाही. ती पाण्याबरोबर मिठाचाही हिशेब ठेवते.

वाळवंट कोरडं आणि अ‍ॅपलाचियनचं जंगल दमट, पण हा हिशेब दोन्हीकडे तोच आहे. दमट हवेत फक्त घाम जास्त वाया जातो.

सराव कशाचा होतो?

कमी पाण्याची सवय होत नाही हे खरं, पण उष्णतेची सवय होते. गरम हवेत रोज थोडं थोडं काम केलं तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. तीच चढण चढताना हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा कमी पडतात.

याचा मोठा पुरावा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या पॅरिस आयलंड या दलदलीच्या बेटावर मिळाला. तिथं नौसैनिकांच्या नव्या भरतीचं शिक्षण चाले आणि दर उन्हाळ्यात उष्णतेनं आजारी पडणाऱ्या मुलांची रांग लागे. कॉन्स्टंटिन याग्लू आणि डेव्हिड मिनार्ड यांनी १९५० च्या दशकात तिथं एक निर्देशांक तयार केला. ओल्या तापमापकाच्या आकड्याला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला २० टक्के आणि साध्या तापमानाला फक्त १० टक्के. निर्देशांक ठरावीक आकड्याच्या वर गेला की कवायत कमी करायची, आणखी वर गेला की बंद. नुकत्याच आलेल्यांसाठी हा आकडा खाली ठेवला, कारण आजारी पडणाऱ्यांत सराव नसलेले जास्त होते. १९५७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तोवर तिथले उष्णतेचे आजार पुष्कळच कमी झाले होते. इथं कुणाच्या पाण्याचा आकडा ठरवून दिला नव्हता, कामाचा वेग ठरवून दिला होता.

या सूत्रात जंगलाचं रहस्यही दिसतं. सावलीत काळ्या गोळ्याचा आकडा उतरतो, पण त्याचा वाटा फक्त २० टक्के. ७० टक्के वाटा असलेली ओली चिंधी झाडाखालीही तेवढीच तापलेली असते.

दुसरी चूक : मावेल तेवढं प्या

‘तहान मारा’ हा सल्ला मागे पडला, पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागायच्या आधीच प्या, प्यायलंच पाहिजे, जास्त प्यायल्यानं काही बिघडत नाही, असं सांगितलं जाऊ लागलं. १९९६ मध्ये तर क्रीडावैद्यकाच्या एका मोठ्या अमेरिकी संस्थेनं, गेलेला सगळा घाम भरून काढावा किंवा सहन होईल तितकं प्यावं, असा सल्ला दिला.

तोवर उलटे पुरावे जमू लागले होते. दक्षिण आफ्रिकेत सुमारे ९० किलोमीटर धावण्याची एक शर्यत असते. तशा लांबच्या शर्यतींत बेशुद्ध पडलेल्या चार जणांबद्दल टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये लिहिलं. त्यांच्या शरीरात पाणी कमी झालेलं नव्हतं, ते जास्त झालं होतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तापलेल्या दरीत पायी फिरणाऱ्यांमध्येही हाच आजार आढळल्याची नोंद झाली. सैन्यातही जवान असे दगावले, आणि १९९८ मध्ये अमेरिकी लष्करानं पहिल्यांदाच ‘याहून जास्त पिऊ नका’ अशी मर्यादा घातली : तासाला सुमारे १.४ लीटर.

नुसत्या पाण्यानं माणूस मरतो कसा? आमटीत पाणी वाढवलं की ती अळणी होते. तसंच रक्ताचं होतं. घामातून मीठ गेलेलं असतं आणि वर नुसतं पाणी पोटात जात असतं. एरवी मूत्रपिंडं जास्तीचं पाणी बाहेर टाकतात, पण दमलेल्या, तणावाखालच्या शरीरात पाणी रोखून धरणारं संप्रेरक स्रवत राहतं आणि लघवी कमी होते. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगते तशा पेशी फुगतात. हातापायाची बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, एवढंच. पण मेंदू कवटीत बंद आहे. त्याला फुगायला जागा नाही.

यातला खरा धोका असा, की सुरुवातीची लक्षणं उष्णतेच्या आजारासारखीच असतात. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलतो. सोबतचे लोक घाबरून त्याला आणखी पाणी पाजतात. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं जो सल्ला दिला, तो ऐकून आपल्या आजीला हसू आलं असतं : तहान लागेल तसं पाणी प्या.

सहलीच्या आधी

एमा गेटवुड यांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांनी ओझं कमी ठेवलं, आपल्या चालीनं चालल्या, तहान लागेल तेव्हा झऱ्याशी थांबल्या आणि खारट खात राहिल्या. मे महिन्यात सुरुवात केल्यामुळे खरा उकाडा येईपर्यंत त्यांचं शरीर तयारही झालं होतं.

याच ठिकाणी आपली चार दिवसांची सहल त्यांच्या १४६ दिवसांपेक्षा अवघड ठरते. सराव व्हायला दहा-चौदा दिवस लागतात आणि आपली मुलं पंख्याखालून उठून थेट चढणीला लागतात. त्यांचं शरीर कधीच तयार होत नाही, त्याआधी सहल संपते. म्हणून पहिल्या दोन दिवसांचा टप्पा सर्वांत लहान हवा. आदल्या दोन आठवड्यांत मुलांना रोज संध्याकाळी तासभर चालवलं तर फारच उत्तम. सॅकमधलं निम्मं सामान गटात वाटून किंवा घरी ठेवून कमी करता येतं. पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत असावं. पाणी मागणाऱ्याला कधीही अडवू नये आणि नको म्हणणाऱ्याला बळेच पाजू नये. ज्याला खूप घाम आला आहे आणि जो काहीच खात-पीत नाही, त्याला मात्र सावलीत बसवून विचारपूस करावी.

एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला आणि अंग चटका बसावा इतकं तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजावा. त्याला तिथंच सावलीत आडवं करून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतावं आणि वारा घालावा. दवाखान्यात न्यायची धावपळ त्याबरोबर सुरू करावी, पण थंड करणं आधी. अंग फारसं तापलेलं नसेल आणि तो सकाळपासून बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या करत असेल, तर आणखी पाणी देऊ नये. त्यालाही लगेच डॉक्टरांकडे न्यावं आणि किती पाणी प्यायला ते आवर्जून सांगावं.

या सगळ्याची तयारी वर्गात करता येते. प्रयोगशाळेतले दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती सुती चिंधी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही तापमापक आधी वर्गात, मग मैदानात सावलीत, मग मोठ्या झाडाखाली टांगा. वहीनं वारा घातल्यावर ओल्या तापमापकाचा पारा किती उतरतो ते पाहा. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि थंडीत हीच मोजणी पुन्हा करून तक्ता भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी मुलांची वजनं करा, तासभर खेळू द्या, अंग पुसून पुन्हा वजनं करा आणि प्यायलेलं पाणी हिशेबात धरा. कुणाला किती घाम आला ते कळेल, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघेल. सगळ्यांना पाण्याचा एकच आकडा का ठरवून देता येत नाही, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागणार नाही.

ओल्या चिंधीचा तो तापमापक सहलीलाही बरोबर घ्यावा. सकाळी निघताना आणि दुपारी थांबल्यावर मुलांनीच त्याची नोंद करावी, आणि आकडा वाढत चालला असेल तर पुढची चढण उद्यावर टाकावी.